सावली टेकल्यावर

जूमार्तने फावड्याचा दांडा सादिरच्या पोटात घातला. सादिर वाकला, तसा दुसरा घाव त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"चोरा! माझ्या पाळीला पाट कोरडा, आणि तुझ्या पाळीला बरा भरून वाहतो?"

"अरे, आधी पाटाची दारं तर बघ..."

"तुझं थोबाड बघून झालं!"

सादिरने डाव्या हाताने धोंडा उचलून मारला. जूमार्तची भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं, तसा तो आणखीच पिसाळला. त्याने सादिरला कोरड्या पाटात लोटलं आणि लाथा घातल्या. सादिरची पांढरी कल्पाक टोपी धुळीत पडली.

गावाचा नियम आजोबांपासूनचा. पश्चिमेच्या डोंगराची सावली मशिदीजवळच्या पॉपलरच्या झाडाला टेकेपर्यंत पाणी जूमार्तचं, टेकली की सादिरचं. तेव्हा वरचं बर्फ इतकं जवळ होतं की दुपारी वितळलेलं पाणी ऊन कलायच्या आत गावात यायचं. आता बर्फ पार खिंडीपलीकडे सरकलं होतं. उघडा पडलेला डोंगर रोज सगळ्यांना दिसे, पण पाण्याच्या पाळीशी त्याचा संबंध कुणी लावला नव्हता. डोंगराला शिव्या देऊन काय उपयोग? शेजारी कसा हाताशी असतो.

जूमार्तचे बटाटे माना टाकून पडले होते. तेही गेले, तर भावासारखं मॉस्कोला बांधकामावर जाणं आलं. भाऊ गेला तो परतलाच नाही.

त्याने पुन्हा फावडं उगारलं. मागून त्याची बायको असिलकान धावत आली आणि दांड्याला लटकली.

"मरतील ना ते! अहो, दारं बघा!"

जूमार्तने बाहीने डोळा पुसला. त्याच्या शेताचं दार सताड उघडं होतं. सादिरचं दार चिखल थापून बंद केलेलं होतं, आणि तो चिखल वाळून भेगाळला होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता.

"पाणीच उशिरा येतंय, बाबा," सादिर रक्त थुंकत म्हणाला. "मी कुठून चोरू?"

सावली पॉपलरला टेकली, सादिरची पाळी लागली. थोड्या वेळाने वरून खळखळ ऐकू आली. जूमार्त आणि असिलकानने सादिरच्या काखांत हात घालून त्याला पाटाबाहेर ओढलं, तेव्हा तो गुरासारखा ओरडला. गढूळ पाणी आलं, टोपी उचलून उघड्या दारातून जूमार्तच्या शेतात घेऊन गेलं. बटाट्याची पहिली सरी भिजली. दुसरी भिजू लागली.

जूमार्त सऱ्यांकडे बघत राहिला. किती दिवसांनी माती काळी दिसत होती! त्याला रडू फुटलं.

मग त्याने फावडं उचललं. सादिरने धड असलेला हात डोक्यावर धरला आणि डोळे मिटून घेतले.

जूमार्तने चिखलाचा मोठा गोळा उपसला आणि स्वतःच्या दारावर मारला.