दर्शनी भाग

कपाट फरशीवर करकरत एकदाचं बाजूला सरकलं आणि खोलीत उजेड आला. ती लगेच मागे होऊन दारापाशी जाऊन उभी राहिली.

“ताई, टेपचं हे टोक धर ना जरा,” तिचा मामेभाऊ म्हणाला.

तिने मान हलवली, पण जागची हलली नाही. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, टेपचं टोक चौकटीतल्या खिळ्यात अडकवलं आणि एकट्यानेच मापं घेतली. खिडकीची उंची, रुंदी, खालचा कट्टा जमिनीपासून किती. कट्ट्याशी त्याचा हात अडखळला. कट्टा त्याच्या गुडघ्याहून थोडासाच वर होता.

मामेभाऊ घरांचे नकाशे काढायचा. जुन्या शहरातल्या लोकांना परवानग्या मिळवून देण्यावरच त्याचं पोट होतं. ‘या शहरात खिळा ठोकायचा तरी खापरपणजोबांची सही लागते,’ असं तो येता जाता म्हणायचा. आज मात्र त्याने मापं टिपून वही मिटली आणि विचारलं,

“अर्जात कारण काय लिहू?”

“गळती लिही. पाणी येतं आत.”

“येतं का?”

“तू लिही रे.”

त्याने लिहिलं. मग दोघांनी मिळून कपाट पुन्हा खिडकीसमोर ढकललं.

घर तिला आत्याकडून मिळालेलं. वरच्या मजल्यावरच्या या एका खिडकीतून सगळी गल्ली दिसायची, अगदी टोकाच्या वळणापर्यंत. नवरा वळणापलीकडे औषधांच्या दुकानात कामाला. संध्याकाळी तो यायच्या वेळेला त्यांची मुलगी कट्ट्याशी येऊन उभी राहायची. वयाच्या मानाने ती जरा ठेंगणी होती, म्हणून बाप तिला बुटकी म्हणायचा आणि ती त्यावर रोज नव्याने चिडायची. मागच्या वर्षी अशाच एका संध्याकाळी ती त्या खिडकीतून खाली पडली.

त्याच्या बरंच आधी त्यांनी खिडकीला गज बसवायची परवानगी मागितली होती. इमारत जुन्या वारशाच्या यादीत आहे, दर्शनी भागात बदल करता येणार नाही, असं उत्तर आलं. त्यांनी फेरअर्ज केला. ती म्हणाली होती, बसवून टाकू, कोण येतंय बघायला? तो म्हणाला होता, नियमाने जाऊ, उगाच उद्या काढायला लावतील. फेरअर्जाचं उत्तर अजून यायचंच होतं, तोवर बुटकी गेली. हे तिने त्याला पुढे कधी बोलून दाखवलं नाही. ती बोलत नाही, हे मात्र त्याला रोज ऐकू येत असावं.

रात्री जेवताना तिने त्याला सांगितलं.

“खिडकी बुजवून टाकायची म्हणतेय. अर्ज दिलाय.”

त्याचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला,

“घर तुझं आहे. तुला हवं ते कर.”

पुढच्या आठवड्यात दारावर नोटीस लागली: ज्यांना या बदलाला हरकत असेल त्यांनी कळवावं. शेजारीपाजारी जाता येता वाचायचे आणि तिच्या नजरेला नजर न देता पुढे व्हायचे. नवराही एकदा नोटिशीसमोर उभा दिसला. चार ओळी वाचायला माणसाला इतका वेळ लागत नाही, असं तिला वाटलं, पण तिने विचारलं नाही.

सुनावणीच्या दिवशी त्याने दुकानात सुट्टी टाकली. आपण होऊन टाकली, याचं तिला बरं वाटलं. रस्ता ओलांडताना त्याने तिच्या कोपराला हात लावला. तसा त्याने बऱ्याच दिवसांत लावला नव्हता.

सुनावणीची खोली लांबट होती. भिंतीवर जुन्या शहराचा मोठा नकाशा, एका कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटलेले. टेबलामागे अधिकारीबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी समितीचे एक वयस्कर सदस्य. मामेभावाने नकाशे पसरले. सदस्यांनी चष्मा कपाळावर चढवून खिडकीचं चित्र जवळून पाहिलं.

“काय सुरेख काम आहे हो! अशा लाकडी झडपा आता शहरात बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात. गळती असेल तर दुरुस्त करा. खिडकीच बुजवायची म्हणजे डोकं दुखतं म्हणून डोकंच उडवायचं झालं.”

स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले. मामेभावाने खाली पाहिलं.

“एक हरकत आलीय,” अधिकारीबाई कागद उलटत म्हणाल्या. मग थांबल्या. “हे काय? अर्जदार आणि हरकतदार, दोघांचा पत्ता एकच पडलाय. टंकताना चूक झाली का?”

“चूक नाही,” तिचा नवरा उठून उभा राहिला. “मी त्याच घरात राहतो.”

तिने वर पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. दोन्ही हात त्याने समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले होते.

“बोला. हरकत काय आहे?”

“खिडकी काढू नका.”

“का?”

“दुकानातून निघालो की वळणावर पहिली तीच दिसते.” तो म्हणाला. “तिथे आमची बुटकी उभी असायची. आता तिथे भिंत दिसली तर... मी घरी कुठल्या रस्त्याने यायचं?”

सदस्यांना अजून उमगलं नव्हतं. “बुटकी म्हणजे कोण?”

नवऱ्याच्या आधी तीच म्हणाली,

“आमची मुलगी. पडली ती. त्याच खिडकीतून.” आणि मग, “गळती नाहीये. मीच लिहायला सांगितलं होतं.”

सदस्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी चहा आला की नाही म्हणून विचारत होतं. अधिकारीबाईंनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. आपण मदत करतोय अशा मऊ आवाजात त्या म्हणाल्या,

“असं करता येईल. झडपा, चौकट, सगळं बाहेरून आहे तसं राहू द्या. आतल्या अंगाने भिंत घ्या. बाहेरून खिडकी, आतून भिंत. दोघांचंही होईल. आणि त्याला अर्जसुद्धा लागत नाही. आमचा नियम फक्त दर्शनी भागाचा आहे. आत तुम्ही काय करता, ते आम्ही विचारत नाही.”

“आतून काहीही केलं तरी चालतं?” नवऱ्याने विचारलं.

“हो.”

“आतून गज बसवले तरी?”

“गज, जाळी, काहीही. त्याला कधीच परवानगी...”

बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांनी समोरची फाईल मागे मागे उलटत नेली. जुना अर्ज होता तिथे त्यांचा हात थबकला. त्यांनी तो वाचला, खालचा शेरा वाचला, आणि फाईल मिटली.

“तेव्हा मी इथे नव्हते,” त्या म्हणाल्या. हे कुणीच विचारलं नव्हतं.

नवरा खुर्चीवर बसला. तिला वाटलं होतं, असं काही कळलं तर आपण ओरडू, टेबलावरचं सगळं खाली लोटू. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली होती आणि कॉलरच्या वर, मानेवरचे केस वाढलेले होते. कित्येक दिवसांत त्याने कापले नव्हते, आणि तिने सांगितलंही नव्हतं.

“चल,” ती म्हणाली. “ऊठ. घरी जाऊ.”

जिन्यात तो म्हणाला, “तू म्हणत होतीस, बसवून टाकू.”

“हो.”

“मी ऐकलं असतं तर...”

“मला तरी कुठे सुचलं, आतून बसवावेत म्हणून? रोज पुसत होते मी ती चौकट.” तिने त्याची बाही धरली. “पायरी बघ. तुटलीय.”

आतली भिंत बांधायला गवंडी आला, तो सकाळीच. शांत, वयस्क माणूस. त्याने विटा भिजवल्या, माल कालवला, भिंतीच्या कडा टोकरून घेतल्या. मग थापी हातात धरून म्हणाला,

“झडपा उघड्या ठेवायच्या की मिटून? आत्ताच सांगा. एकदा भिंत उठली की हात पोचायचा नाही.”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे.

“उघड्या ठेवल्या तर विटा नाही दिसणार?” तिने विचारलं.

“भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काळा रंग मारलेली फळी लावतो. खालून आतला अंधारच वाटेल.”

“तू सांग,” नवरा म्हणाला.

“मी खाली जाऊन बघते,” ती म्हणाली. “तू उघडून उभा राहा. उघड्या की मिटलेल्या, ते मी खुणेने सांगीन.”

ती जिना उतरली. गल्लीतून चालत थेट टोकाच्या वळणापर्यंत गेली. संध्याकाळी घरी परतणाऱ्याच्या नजरेने तिने इथून घराकडे कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी ती नेहमी आत स्वयंपाकात असायची. मागे वळायच्या आधी तिने एका हाताने भिंतीचा आधार घेतला.

वर त्याने एक झडप उघडली, मग दुसरी. तो कट्ट्याशी येऊन उभा राहिला, जरा वाकून, ती कुठे आहे ते शोधत. ती दिसताच सरळ झाला.

इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. कोणीतरी आपली वाट बघतंय, एवढंच कळत होतं.

वर घमेल्यातला माल सुकत असेल, हे तिला ठाऊक होतं. तरी तिच्याच्याने खूण होईना. ती तशीच पाहत राहिली, आणि वरून त्यानेही घाई केली नाही.