डावीकडची सीट

श्यामकांत सबनीस आमच्याकडे चार गणपती जेवले. पाचव्या वर्षी त्यांनीच माझ्या नवऱ्याला गुन्हेगार ठरवलं, तेही शुद्ध मराठीत, 'वहिनी, वहिनी' करत. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी पुढे जे केलं त्याचं मला तसूभरही वाईट वाटत नाही.

हेमंत बँकेत अधिकारी. बदली होऊन आम्ही कोलकात्याला आलो, तेव्हा मराठी मंडळात सबनीस भेटले. एका मोटार कंपनीचे पूर्व विभागाचे सर्व्हिसप्रमुख, ऑफिस सेक्टर फाइव्हला. त्यांच्याच शब्दावर आम्ही त्यांच्या कंपनीची गाडी घेतली. हेमंत दर रविवारी ती अशी पुसायचा की मला सवतच आल्यासारखं वाटे.

फेब्रुवारीत हेमंत एकटाच गाडीत असताना बायपासला सिग्नलवर उभ्या गाडीला मागून मिनीबसने ढुसणी दिली. ढुसणीच ती, मागचा दिवासुद्धा धड फुटला नाही. पण हेमंतची सीट बोल्टसकट उखडून मागे आडवी झाली. बोल्ट शाबूत होते. ते ज्यात बसवले होते तो तळाचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. हेमंतला तेव्हापासून कमरेखाली जाणीव नाही.

कंपनीने गाडी नुसती खालून तपासली आणि अहवाल पाठवला. 'तळाच्या पत्र्यावर मिठाचा अंश आढळला. मालकाची हेळसांड.' खाली सही सबनीसांची.

आम्ही एकदाच दिघ्याला समुद्रावर गेलो होतो. हेमंतने तेच धरलं. रोज सकाळी मी त्याला कुशीवर वळवायला गेले की तो विचारायचा, "कालिंदी, दिघ्याहून आल्यावर मी गाडी खालून धुतली नव्हती का गं?" जो माणूस पेनाचं टोपणसुद्धा जागच्या जागी ठेवतो, त्याच्या डोक्यात 'हेळसांड' हा एक शब्द घुसला आणि पायांपेक्षा त्यानेच त्याला जास्त लुळं केलं. मला तो शब्द खोडून हवा होता, आणि तो सबनीसांच्याच डोळ्यांदेखत खोडायचा होता.

मी त्यांच्या ऑफिसात गेले. त्यांनी चहा मागवला.

"तुमची गाडी गंजावी म्हणूनच बनवलेली असते का हो?" मी विचारलं.

"तसं कुणी करत नाही, वहिनी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "ती किती वर्षं गंजू नये, एवढंच ठरवलेलं असतं. त्याच्यापुढचा जस्ताचा लेप कोण देईल? त्यात तुम्ही समुद्रावर नेलीत. हेमंतरावांनी जरा लक्ष द्यायला हवं होतं."

"किती वर्षं ठरवली आहेत?"

त्यांनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. चोर तो चोर, वर शिरजोर! तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी मी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. पाच महिन्यांनी आयोगाने तपासणीला एक तज्ज्ञ नेमला, इंजिनिअरिंग कॉलेजातले बसूबाबू. तारीख ठरली. गाडी हावड्यात निमाईदांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली होती, तिथेच सगळ्यांनी जमायचं.

आदल्या दिवशी दुपारी मी लाँचने नदी ओलांडून एकटीच तिथे गेले. म्हटलं, शत्रूच्या आधी आपण एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं. निमाईदांनी उजवीकडचं, म्हणजे हेमंतच्या बाजूचं कार्पेट उचललं. ते अगदी कडेपर्यंत सोलल्यावर आतून चार पुरचुंड्या निघाल्या. चिकट, तपकिरी, ओल्या. एक फुटली होती आणि तिच्यातून काळी मोहरी सांडली होती.

"बौदी, ये क्या है?" निमाईदा मला बौदी, म्हणजे वहिनी म्हणत.

त्या माझ्या होत्या.

दर दसऱ्याला मी गाडीची पूजा करून मीठमोहरीने दृष्ट काढायची. ओवाळलेलं मीठ विस्तवात टाकायचं असतं. आमच्या सोसायटीत विस्तव कुठला? गॅसवर टाकलं तर बर्नर चोंदतो. म्हणून मी ते फडक्यात बांधून हेमंतच्या सीटखाली, कार्पेटच्या आत सारायची. सवडीने गंगेत सोडू म्हणायची. चार वर्षं सवड झाली नाही. कोलकात्याच्या दमट हवेत त्या मिठाला पाणी सुटत राहिलं आणि माझ्या नवऱ्याच्या सीटखाली झिरपत राहिलं. दिघ्याचा समुद्र उगाच बदनाम झाला.

मी तिथेच टायरवर बसले आणि ढसाढसा रडले. निमाईदांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पाँच मिनट में धो देता हूँ. कल किसी को पता नहीं चलेगा."

मी 'हो' म्हणणारच होते. खोटं कशाला बोलू? पाइप त्यांच्या हातात आलाही होता. तेवढ्यात मला सुचलं आणि मी डावीकडचं कार्पेट उचलायला सांगितलं. तिकडे मी कधी मीठ ठेवलं नव्हतं. तिकडे मी बसायचे, मला मेलीला कुणाची दृष्ट लागणार?

निमाईदांनी डाव्या सीटच्या बोल्टाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. तो पत्र्यातून आरपार गेला.

"इस मॉडल का ये तीसरा है मेरे पास," ते म्हणाले. "दोनों तरफ ऐसा ही. नीचे लेप लगाया ही नहीं."

मी डोळे पुसले. पाइप बंद करायला सांगितलं. पुरचुंड्या होत्या तिथेच ठेवायला सांगितल्या.

घरी जाऊन हेमंतला काही बोलले नाही. धीरच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळे जमले. हेमंत हट्टाने टॅक्सीतून आला. त्याची चाकाची खुर्ची मी गॅरेजच्या दाराशी लावली. सबनीस इस्त्रीच्या शर्टात, हातात अहवाल. बसूबाबू वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी उजवीकडचं कार्पेट उचललं आणि ते थबकले.

"ते मीठ आहे आणि ते मी ठेवलंय," मी हिंदीत म्हणाले. मग दृष्ट, दसरा, गॅसचा बर्नर, सगळं सांगितलं. बोलताना हेमंतकडे पाहिलं नाही, पण त्याच्या खुर्चीचं चाक किंचित मागे सरकलेलं मला ऐकू आलं.

सबनीसांचा चेहरा उजळला. "वहिनी, मग विषयच संपला की."

"उजवीकडचा संपला," मी म्हणाले. "आता डावीकडे बसा."

"म्हणजे?"

"तिकडे मीठ नव्हतं. बसूबाबू, तिथलंही कार्पेट उचला, चाचणी घ्या, काय हवं ते करा. पण आधी यांना त्या सीटवर बसू दे. बसा, सबनीस, आणि पाठीने मागे रेटा. त्या बसने रेटलं होतं तेवढं तरी रेटा."

ते हसले. पुढे आले. दार उघडलं, एक हात सीटच्या पाठीवर ठेवला. तेवढ्या भारानेच सीट कुरकुरली आणि मागे कलली. सबनीसांनी हात काढून घेतला.

"बैठिये ना," बसूबाबू म्हणाले.

"त्याची काही गरज नाही. ही तांत्रिक तपासणी आहे."

बसूबाबूंनी डावं कार्पेट सोललं, पत्रा खरवडून कागदी पाकिटात घेतला, चाचणीची पट्टी ओली करून टेकवली. मीठ नाही. मग स्क्रूड्रायव्हर दाबला. तो खाली फरशीवर टेकल्याचा आवाज झाला.

सबनीस वाकून बघत राहिले. तोपर्यंत त्यांचा स्वतःच्या अहवालावर खरंच विश्वास असावा. मला त्यांची दया आली नाही. ते सरळ झाले तेव्हा त्यांचा रंग उतरला होता. फोन काढून ते दारापाशी गेले आणि बोलू लागले, मराठीत. कोलकात्यातल्या आम्हा सगळ्यांना ही खोड आहे. बाजारात, बसमध्ये, लिफ्टमध्ये मराठी बोललं की आपल्याला वाटतं, आपण भिंतीआड आहोत. घाबरलेल्या माणसाला तर आजूबाजूला कोण आहे याचंही भान राहत नाही.

"मुग्धा, निघालीस का? नको, गाडी काढू नकोस. टॅक्सीने जा. कारण विचारू नकोस गं. सीट... सीटचं काहीतरी आहे. आपली त्याच वर्षीची आहे. नाही, आजच नाही, त्या गाडीत पुन्हा बसायचंच नाही."

मी बसूबाबूंकडे वळले आणि शब्दन्‌शब्द हिंदीत करून सांगितला. मुग्धा त्यांची मुलगी, हेही सांगितलं. मला इतकं गोड त्याआधी काही लागलं नव्हतं.

बसूबाबूंनी सबनीसांना विचारलं, "ये ठीक बोल रही हैं?"

सबनीसांनी फोन कानापासून दूर धरला. पलीकडून मुग्धाचा बारीक आवाज येत होता, "बाबा? बाबा, काय झालं?"

बसूबाबूंनी पेन काढलं. गाडीच्या टपावर कागद ठेवून सावकाश लिहिलं. उजवी बाजू, मीठ आढळलं. डावी बाजू, मीठ नाही, गंज तितकाच, संरक्षक लेप दिलेलाच नाही. कंपनीच्या प्रतिनिधीने सीटवर बसण्यास नकार दिला. सदर वाहन मिठाविनाही असुरक्षित होते. मालकाची हेळसांड हा निष्कर्ष मान्य करता येत नाही.

त्यांनी ते एकदा हिंदीत वाचून दाखवलं. मी हेमंतकडे वळले. त्या पुरचुंड्यांबद्दल तो मला काय म्हणेल, याची भीती होती. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर सबनीस उभे होते, त्यांच्याकडे बघत होता.

"फोन ठेवू नका, सबनीस," हेमंत म्हणाला. सहा महिन्यांत त्याचा आवाज मी इतका स्वच्छ ऐकला नव्हता. "कालिंदी, बसूबाबूंना म्हणावं पुन्हा वाचा. मोठ्याने. तू एकेक वाक्य मराठीत सांग, मुलीला ऐकू जाईल असं."

बसूबाबूंनी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मी सबनीसांच्या फोनाजवळ जाऊन उभी राहिले आणि माझ्या मिठापासूनच सांगायला लागले.