उजवीकडची चटणी

भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याच्या डॉक्टरचा फोन मंगळवारी सकाळी यायचा होता, आणि शिरीष त्याची तयारी परीक्षेला बसल्यासारखी करत होता. मिरजेला एमडी केलेल्या माणसाला तोंडी परीक्षेची धास्ती असते, आणि हौसही असते.

"पेशंट मेल, एकोणपन्नास," तो सोफ्यावर ताठ बसून म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी मेंदूत उजव्या बाजूला ब्लीड. डावा हात वीक. बोलणं नॉर्मल. चालणं इंडिपेंडंट, जेवण इंडिपेंडंट."

"अरे, पेशंट तू आहेस. केस कसली प्रेझेंट करतोस?" मेधा म्हणाली. "तुला काय जमत नाही ते त्या डॉक्टरांना सांगायचंय. वाईटातल्या वाईट दिवसाबद्दल बोला, असं खात्याच्या पत्रात लिहिलंय."

"जे नाहीच ते कसं सांगू? अपंग भत्त्यासाठी खोटं बोलू?"

नवऱ्याचा स्वभाव मेधाला काही आजचा माहीत नव्हता.

आयर्लंडातल्या एनिसच्या हॉस्पिटलात शिरीषनं आठ वर्षं काढली होती, आणि एक दिवस तिथल्याच वॉर्डात तो कोसळला. जीव वाचला. वाचा परत आली, पाय परत आला. डावी बाजू मात्र आली नाही. डोळे शाबूत होते, पण डावीकडं काही असतं हे त्याच्या गावीच नव्हतं. ताटातलं उजवीकडचं जेवून तो खुशाल हात धुवायला उठायचा. या दुखण्याचं इंग्रजी नाव त्याला कुणी सांगायला नको होतं. पेशंटच्या नातेवाइकांना त्यानंच ते कितीदा समजावलं होतं. घरी आल्यावर काही महिन्यांतच 'गेलं ते' असं त्यानं जाहीर करून टाकलं.

गेलं कुठलं! मेधानं ते झाकलं होतं.

सुरुवातीला एकदा जेवताना तो म्हणाला होता, "हल्ली चटणी करत नाहीस का गं?" चटणी, लिंबू, कोशिंबीर, सगळं पानात डावीकडं, वाढायच्या जागी वाढलेलं होतं. दाखवायला तिनं बोट पुढं केलं आणि त्याचा चेहरा पाहून मागं घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चटणी उजवीकडं, भाजीला खेटून. मग चष्मा, औषधं, कपाटातले कप, तिची स्वतःची खुर्ची, हळूहळू सगळं घरच उजवीकडं सरकलं. त्याची अर्धी दाढी राहायची, तेव्हा 'क्रीम लावून देते' म्हणून ती उरलेला गाल उरकायची. गणपतीत पुण्याहून आलेली नणंद, अलकनंदा, पान बघून हसली होती. "वहिनी, चटणी उजवीकडं? आयर्लंडात येऊन वाढायचंही विसरलीस होय?" मेधानं सरळ 'विसरले' म्हणून टाकलं. त्याचं झाकलेलं राहावं म्हणून वेंधळं ठरायला तिची हरकत नव्हती.

पण शॅननच्या कंपनीतली तिची रजा आता संपत आली होती. भत्ता मिळाला तर अर्धवेळ काम करून तिला घरी राहता येणार होतं. नाही मिळाला, तर शिरीष दिवसभर एकटा. आणि दाराबाहेर रस्ता होता. अर्धा रस्ता तो नीट ओलांडायचा; पुढच्या अर्ध्यात गाड्या डावीकडून येतात.

फोन आला. डॉक्टर ब्रीदा म्हणून कुणी बाई होत्या, आवाज मऊ. शिरीषनं फोन स्पीकरवर टाकला आणि तो रंगातच आला. तारखा, औषधं, स्कॅन, कुठं अडखळला नाही. चालणं? इथल्या लोकांसारखं 'ग्रँड', म्हणजे उत्तम. कपडे घालणं? ग्रँड. जेवणखाण? "ग्रँड, रिअली." पलीकडं टाइप केल्याचा आवाज येत होता. फोनवर आवाज तेवढा जातो, आणि आवाज तर ठणठणीत होता.

"तुमच्याजवळ घरातलं कुणी आहे का? त्यांना काही सांगायचंय?" बाईंनी विचारलं.

"नो, नो, आम्ही दोघंही..."

"मला सांगायचंय," मेधा म्हणाली.

तिनं चटणीपासूनच सुरुवात केली. आयरिश बाईला आपलं ताट समजावताना तिची त्रेधा उडाली, पण ती थांबली नाही. दाढी सांगितली, शर्टाची राहिलेली बाही सांगितली. जानेवारीत एका गाडीनं करकचून ब्रेक मारला होता, तेही सांगितलं. तेव्हा शिरीषनं 'काय झालं?' विचारलं होतं, आणि ती 'कुत्रं आडवं आलं' म्हणाली होती. हे सगळं त्याच्यादेखत, त्याच्या उजव्या हाताला बसून, परक्या बाईला सांगताना तिला आपण चहाडी करतोय असं वाटत होतं.

मग बाईंनी हळूच विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही," शिरीष म्हणाला. "पण ती सांगतेय ते या आजाराशी जुळतं. हिस्टरी विश्वासार्ह आहे. लिहून घ्या."

निर्णय कळवतो, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. ठेवण्याआधी 'काळजी घ्या' त्या ज्या सुरात म्हणाल्या, त्यावरून मेधाला कळलं, भत्ता मिळणार. जिंकल्यासारखं काहीच वाटेना. ती उठली, सोफ्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि पदरासारखं स्वेटरचं टोक तोंडाशी धरलं.

शिरीष तिच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होता.

"मेधा," तो खुर्चीला म्हणाला, "दोन वर्षांत तू एकदाही रडली नाहीस. मला वाटायचं, हिला काहीच कसं वाटत नाही? रागसुद्धा यायचा तुझा."

मेधानं स्वेटरच्या टोकानं डोळे टिपले.

"रडताना तू डावीकडं जाऊन बसायचीस ना?"

मेधानं मान हलवली. मग, ती त्याला दिसणार नाही हे ध्यानात येऊन, आवाज सावरत म्हणाली, "हो. आत्ताही तिथंच आहे."