एकतीस नंबरच्या खाटेची अनामत

"पैसे नकोत मला," बाई म्हणाल्या. "हे पत्र तेवढं मागे घ्या."

तीस वर्षं मी या संस्थेच्या वसतिगृहाचा हिशेब लिहितो आहे. पैसे मागायला आलेली माणसं ढिगानं पाहिली, फी बुडवायला आलेलीही पाहिली; पण नको म्हणायला बसचं तिकीट काढून आलेली ही पहिलीच. मी चष्मा वर सरकवला आणि खुर्ची दाखवली.

पत्र माझंच होतं. त्याचं असं झालं, वसतिगृहाची पाण्याची टाकी फुटली. मुली तीन मजले बादल्या वाहू लागल्या आणि देणगीदार नेमके तेव्हाच गप्प बसले. अध्यक्षांनी वह्या चाळल्या आणि त्यांना घबाड सापडलं. शिकून गेलेल्या सत्तेचाळीस मुलींनी आपली अनामत परत नेलीच नव्हती. "उत्पन्नात घेऊन टाका," अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, आधी विचारू तरी. उगाच प्रामाणिकपणाचा आव कशाला आणू, मला चौकशीची खोड आहे. मुली मला टाचणीकाका म्हणतात ते काही नुसतं कागद टाचतो म्हणून नाही. स्वतःचे पैसे माणूस सोडतो कसे, हे मला कळायलाच हवं होतं. म्हणून सत्तेचाळीस पत्रं लिहिली: महिनाअखेरपर्यंत रक्कम न्यावी, नंतर हक्क राहणार नाही.

कारणं एकेक मजेशीर निघाली. एक साफ विसरली होती. एकीनं पंखा मोडला होता, ती भरपाईच्या भीतीनं तोंड लपवून बसलेली. एकीनं तर व्याजासकट मागितले! आणि आता या बाई. पंचेचाळिशीच्या, दातांच्या डॉक्टरांकडे रुग्णांची नोंदणी करणाऱ्या, हातात घडीवर फाटत आलेली जुनी पावती.

"बाई, तीनशे तुमचेच आहेत. घ्या आणि मोकळ्या व्हा."

"मग खाट?"

"कसली खाट?"

त्यांनी पावती पुढे सरकवली. अक्षर माझंच, तरुणपणीचं, आताच्यापेक्षा बरं. 'खाट क्र. ३१ ची अनामत, तीनशे फक्त.'

"बाबांनी पैसे भरले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, हे कुठं जात नाही, तुमचंच आहे, केव्हाही या."

म्हटलं असणार. प्रत्येकीच्या वडिलांना मी हेच म्हणतो, पाठच झालंय. मी पैशांबद्दल बोलत होतो आणि ही पोरगी खाटेबद्दल ऐकत होती.

"म्हणजे इतके दिवस तुम्हाला वाटत होतं, की..."

"बावीस वर्षं. हसू नका हं."

"छे, हसतोय कशाला!" खरं तर हसू आलं होतं, ते गिळलं.

"नवरा वाईट नाही हो माझा. पण भांडण झालं की त्याचं एकच वाक्य, 'जाशील कुठं?' माहेर बाबांबरोबर संपलं. भावानं माझी खोली भाड्यानं दिली. मग मी मनात म्हणायची, जाईन की एकतीसवर. खिडकीखालची खाट आहे, पावती आहे. असं म्हणायची आणि भाजी चिरायला बसायची. कधी आले नाही. पण ती आहे, म्हणून त्या घरात राहता आलं."

अनामत म्हणजे काय ते मलाच सांगावं लागलं. फुटलेली काच, हरवलेली किल्ली, यासाठी अडकवून ठेवलेले पैसे. खाटेचा नंबर नुसता ओळखीपुरता. सांगताना स्वतःचाच संताप आला. काय अडलं होतं माझं पत्रं लिहून? अध्यक्ष म्हणाले तसं मुकाट उत्पन्नात घेतलं असतं तर या बाईला कधी कळलंही नसतं.

"म्हणजे ती माझी नव्हतीच," त्या म्हणाल्या.

आमच्या रेक्टरबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना ऐकायची सवय, मला विचारायची. म्हणून तर आमचं जमतं. "चला, बघून तरी या," त्या म्हणाल्या. मला वर जायचं काही कारण नव्हतं, गुडघेही कुरकुरत होते; पण राहवेना.

एकतीसवर एक मुलगी पुस्तकं पसरून बसली होती. आम्हाला पाहून तिनं घाईघाईनं पसारा आवरला. "बसा ना मावशी."

बाई कडेला बसल्या. खिडकीतून वाकून पाहिलं. "इथून लाकडाची वखार दिसायची."

"आता गाड्या लावतात तिथं," मुलगी म्हणाली.

"अनामत भरलीस?"

"हो, प्रवेश घेतानाच."

"पावती जपून ठेव," बाई म्हणाल्या. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

उतरताना रेक्टरबाई म्हणाल्या, "सुट्टीत मुली घरी जातात, तेव्हा आम्ही माजी मुलींना खाट देतो. बाकी दिवशी खाली पाहुण्यांच्या खोलीत सोय होते. एका रात्रीचे अडीचशे."

बाई जिन्यातच थांबल्या. "आणि पाहुण्यांच्या खोलीत कोणी असलं तर?"

"तर माझ्या खोलीत दुसरी खाट आहे."

कार्यालयात येऊन त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या. "माझ्या तीनशेतले अडीचशे घ्या. एका रात्रीची पावती द्या."

मी पावतीबुक उघडलं, कार्बन सारखा केला. अनामत परत मिळाल्याची त्यांची सही घेतली, जुनी पावती रद्द करून टाचली. नवीवर नाव लिहिलं, रक्कम लिहिली, 'एक रात्र' लिहिलं. "तारीख कुठली टाकू?"

"ती नका लिहू."

"बाई, तारखेशिवाय पावती होत नाही."

"मला कुठं माहीत आहे, कधी लागेल ते?"

मी पावती बुकातून फाडली आणि तशीच त्यांच्या हातात दिली. वर पन्नास परत केले. पन्नास त्यांनी पर्समध्ये नुसते टाकले. पावतीची घडी मात्र आतल्या चेनच्या कप्प्यात गेली.

"येते," त्या म्हणाल्या.

"या," मी म्हटलं.

बुकात राहिलेल्या स्थळप्रतीवर तारखेची जागा कोरी होती. सोमवारी हिशेब तपासनीस येणार, त्यांचं बोट पहिलं तिथंच पडणार. पेन अजून हातातच होतं. मी त्याला टोपण लावलं आणि बुक कपाटात ठेवून दिलं.