नऊ पेरांची मिशी

चिकट सापळ्यावर चाळीस फुलकिडे भरले की फवारणी, हा ढोबळी मिरचीच्या त्या काचघराचा नियम. आज साहेबांनी सत्तावन्न मोजले होते. तेही सापळ्याच्या पिवळ्या कार्डावर नुसतं भिंग धरून, चहा निवायच्या आत. फवारणीवाले काका पंप भरून दारात उभे होते. अडलं होतं ते कीड तपासणाऱ्या बाईंच्या सहीवर.

"डिंकात बुडाले की सगळे सारखेच दिसतात, साहेब. सोडवून बघू द्या," ती म्हणाली.

"अहो, रजेवरून येऊन आठ दिवस नाही झाले! पोराच्या अंगावर पुरळ दिसलं तर तीन डॉक्टर गाठलेत म्हणे. इथंही तोच घोळ?"

तिला झोंबलं. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे बघायला दहादा पाळण्याशी जाणारी बाई होती ती. पण ब्रश हातात आला की बोट हलायचं नाही. तिनं स्वल्पविरामाएवढा एकेक जीव द्रावणात सोडवला, काचपट्टीवर पंख पसरून ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

मिरची खाणाऱ्या फुलकिड्याचे पंख अरुंद, कडेला झालर लावलेल्या काडीसारखे. हे पंख रुंद होते, टोकाला गोल, त्यावर काळे आडवे पट्टे. मिरची खाणाऱ्याच्या मिशीला फार तर आठ पेरं असतात; या मिशीची पेरं तिनं दोनदा मोजली. पुन्हा एकदा मोजली. सगळे तपासून होईपर्यंत काकांनी पंप खाली ठेवला होता.

"सत्तावन्नातले एकोणपन्नास राखणदार आहेत, साहेब. दुसऱ्या फुलकिड्यांची पिल्लं खाऊन जगतात. मिरची खाणारे फक्त आठ."

"नियम चाळीसचा आहे."

"पीक खाणाऱ्या चाळिसांचा. पंप चालवलात तर आधी हेच मरतील. त्या आठांची अंडी पानाच्या आत आहेत, कोष मातीत. तिथवर तुमचा फवारा पोचत नाही. आठवड्यात ते वर येतील, आणि त्यांना खायला कुणी उरलेलं नसेल."

"आणि पीक गेलं तर? नोकरी तुमची जाईल, माझी नाही."

तरी तिनं कागद पुढे ओढला, 'फवारणी नको' असं लिहिलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

"जाऊ दे. नाव माझंच आहे त्यावर."

साहेब फणकाऱ्यानं सूक्ष्मदर्शकावर वाकले. ओठ हलायला लागले. "...सहा, सात, आठ..." मग स्क्रू फिरवून पुन्हा एकपासून.

"किती, साहेब?" काकांनी निरागसपणे विचारलं.

"नऊ," साहेब मान वर न करता पुटपुटले.

"काका, पंप परत न्या," ती म्हणाली. "आणि साहेब, ते पुरळ म्हणजे खरूज निघाली. पहिल्या दोघांनी घामोळं म्हणून पावडर दिली होती. तिसऱ्यानं कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली."