भुईपासून हातभर वर

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे आणि आता फार दमले आहे. मिठबावच्या एका आंब्याच्या कलमांच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपीत, मी भिंतीला टेकून उभी असते.

फणसाच्या लाकडाचे खूर आणि घरच्या नारळांचा काथ्या देऊन राधाबाईंनी मला करवून घेतले, ते सत्तावन्न साल. आंबे उतरवायच्या दिवसांत त्यांचे सारे घर बागेतच मुक्कामाला असे. आदल्या साली याच मांगरात भुईवर निजलेल्या त्यांच्या यजमानांना मण्यार डसली होती. भगताचा अंगारा लावण्यात वेळ गेला आणि ते गेले. म्हणून राधाबाईंचा दंडक होता: निजायचे ते बाजेवरच, बाज भिंतीपासून दूर, आणि पांघरूण खाली लोंबता कामा नये.

दरवर्षी मला घरून बागेत डोक्यावरून न्यावे लागे. त्यांचा मुलगा गणपत कुरकुरे, "आये, ह्या धूड दरवर्षी कित्याक हाडूचा?"

राधाबाई मला उचलून त्याच्या डोक्यावर चढवत.

मग एका वैशाखात, भर दुपारी, त्यांची सून तुळसा पेट्यांत आंबे भरत होती. पेटीत घालायच्या गवताचा ढीग काठीने न हलवताच तिने घाईत त्यात हात घातला आणि फुरसे चावले. हात बघता बघता सुजला. गणपत भगताला आणायला निघाला, तर राधाबाई दारात आडव्या झाल्या.

"तुझ्या बापाशीक भगताकडेच दाखयललंव," त्या म्हणाल्या. "आता दवाखानो. तिका चालूक दिव नको, बाजेर घाल."

जखम चिरायला त्याने उचललेली कोयतीही त्यांनी काढून घेतली.

मला दोन वासे बांधले. तापलेल्या कातळावरून चौघांनी मला मोटारीच्या रस्त्यापर्यंत नेले. माझा काथ्या करकरत होता. तुळसाने एकदाच विचारले, "आये, मी जगतलंय मा?"

"गप पडान रव. हात हालव नको," राधाबाई म्हणाल्या.

आंब्याच्या ट्रकाने आम्हाला दवाखान्यात पोचवले. इंजेक्शने दिली. तुळसा वाचली, दोन बोटे तेवढी कायमची आखडली. पुढच्या साली गणपतने कुणी न सांगताच मला डोक्यावर घेतले.

आता राधाबाई नाहीत. घरात लोखंडी खाट आली आहे, आणि मुक्कामाला आलेली पोरे माझ्याकडे पाठ करून चटईवर निजतात. माझ्याने हाक मारवत नाही.

मित्रांनो, मला जपू नका हवे तर, पण रानात भुईवर निजू नका. गवतात, दगडांत हात घालण्याआधी काठी घाला. आणि कुणाला साप चावलाच, तर दवाखान्यात न्यायला चार खांदे वेळेवर लावा. उशीर झाला तरी ते लागतातच.