साडूचा खड्डा

पृथ्वीमाता सगळ्यांचे सगळे पोटात घेते, तिच्यापाशी दुजाभाव नाही, असे थोर लोक सांगून गेले. त्यांना साडू नसावेत.

पंचवटीत पाण्याच्या जळक्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या, म्हणजे त्यांत नवी तार भरून देणाऱ्या, झुंबरला होता. दिनेश. धाकट्या मेहुणीचा नवरा, आणि वर परवानाधारक वायरमन. देवळ्याला सासऱ्यांच्या अंगणात त्याने अर्थिंगसाठी खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरून आत नळी पुरली आणि खड्डा ओला राहिला तरच गळता करंट जमिनीत जातो म्हणून उन्हाळ्यात नळीत रोज तांब्याभर पाणी ओतायला सांगून गेला. तेव्हापासून सासूबाई आधी तुळशीला पाणी घालत, मग दिनेशच्या खड्ड्याला. झुंबर अक्षय्य तृतीयेला, आखाजीला जाई आणि हे पाहून त्याचा चहा गार होई. त्याने भरून दिलेल्या मोटारीकडे त्या घरात कुणी वळूनही पाहिले नव्हते.

शेवटी अंगणात चिखल होतो या सबबीवर त्याने पदरच्या पैशाने शहाबादी फरशी बसवून दिली. अंगण सपाट झाले. खड्डाही, नळीच्या तोंडासकट.

मग त्याने स्वतः परवान्याच्या परीक्षेचा अर्ज भरला. पुस्तकात बाँडिंगचा धडा होता: घरातले नळ, पाइप, फ्रिजचे अंग, सगळे धातू तारेने एकमेकांना जोडावेत, कुणी वर, कुणी खाली राहिला नाही की झटका बसत नाही. झुंबरला हे वाचताक्षणी पटले. साडूंनाही असेच जोडायला हवे होते.

पुढच्या आखाजीला फ्रिजचे दार उघडताना सासूबाईंच्या हाताला करंटच्या मुंग्या आल्या. पंगत बसलेली, दिनेशच्या वाटीत दुसऱ्यांदा रस पडलेला. झुंबर हात धुऊन उठला. आपणच परीक्षक असल्याच्या थाटात त्याने अर्थिंगची तार कुठे जमिनीत जाते ते बोटाने दाखवले.

"दिनेशराव, अर्थिंग मेलंय तुमचं. खड्डा कोरडा ठणठणीत पडला असणार. नळीचं तोंड बुजवलंय कुणीतरी. असल्या माणसाला तर परीक्षेला बसूच देऊ नये."

सासरे गोटीराम रस भुरकायचे थांबले.

"फरशी तर तुमीच बसवली व्हती ना, जावईबापू?"

वाढणाऱ्या बायका रसाची पातेली घेऊन आत गेल्या. कुणी हसले असते तर झुंबरला बरे वाटले असते.

"जाऊ द्या, मामा," दिनेश म्हणाला. "दादांनी चांगल्या मनानंच बसवली."

हे मात्र झुंबरला फार लागले. त्याने स्वतःच्या हाताने फरशी फोडली, स्वतःच बादलीभर पाणी ओतले. मुंग्या थांबल्या. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून तांब्या पुन्हा सुरू केला.

परीक्षेत नेमका खड्ड्यावरच प्रश्न आला. झुंबर पास झाला आणि पेढे घेऊन देवळ्याला पोचला.

कोनाड्यात पेढ्यांचा एक पुडा आधीच होता. दिनेश वायरमनच्या वरची, सुपरवायझरची परीक्षा पास झाला होता.